रोमँटिक साहित्यातील आशयसूत्रे कशी ओळखावीत

रोमँटिसिझमची, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपात बहरलेल्या वाङ्मयीन चळवळीची, लक्षणे कोणती, असे विचारले की एक ठरलेली यादी पुढे येते: निसर्गप्रेम, भावनेला महत्त्व, कल्पनाशक्ती, व्यक्तिस्वातंत्र्य, भूतकाळाची ओढ, अद्भुताचे आकर्षण. या यादीत खोटे काही नाही. परंतु ती पाठ करून एखादी अनोळखी कविता वाचायला घेतली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही, असाच बहुतेक विद्यार्थ्यांचा अनुभव असतो. याचे कारण सरळ आहे. फुले, डोंगर, चांदणे, विरह आणि भग्न वास्तू हे विषय रोमँटिक कवींच्या कितीतरी आधीपासून कवितेत होते. जेम्स टॉमसन या स्कॉटिश कवीने चार ऋतूंवरचे आपले दीर्घकाव्य १७३० मध्येच पूर्ण केले होते, आणि निसर्गवर्णनाची त्यात मुळीच वानवा नाही. तरीही ते आणि रोमँटिक कवी वर्ड्सवर्थची कविता शेजारी ठेवून वाचली, की मधल्या काळात काहीतरी मुळापासून बदलले आहे हे जाणवते. बदलले ते पाहणारे मन आणि पाहिली जाणारी वस्तू यांच्यातील नाते. रोमँटिक साहित्यातले मन समोरच्या वस्तूत स्वतःची भर घालते, त्याच वस्तूकडून घडवलेही जाते, आणि कधी तिच्यापुढे हतबल होऊन प्रश्न विचारू लागते. बाकीची आशयसूत्रे या एका नात्यातून फुटलेली आहेत असे माझे मत आहे, म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर तेच शोधायला सांगितले आहे.

आधी विरोधी बाजू ऐकावी

कोणतीही वाङ्मयीन चळवळ ती कशाच्या विरोधात उभी राहिली हे कळल्याशिवाय नीट उमगत नाही. यासाठी अठराव्या शतकातील अभिजातवादी भूमिकेचा एकच उतारा पुरेसा आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या ‘रासेलास’ या १७५९ मधील कथेत इमलाक नावाचे पात्र कवीचे काम काय ते समजावून सांगते. कवीने एकेका व्यक्तीचे नव्हे, तर सबंध प्रजातीचे निरीक्षण करावे, सर्वसामान्य गुणधर्म टिपावेत, ट्यूलिपच्या फुलावरच्या रेषा मोजत बसू नये, असे त्याचे म्हणणे आहे. या मताच्या मुळाशी एक विश्वास आहे: माणसाचे मन सर्वत्र आणि सर्वकाळ सारखेच असते, म्हणून जे सर्वांना लागू पडते तेच सांगण्याजोगे.

आता याच्या शेजारी रोमँटिक कवी विल्यम ब्लेकची एक नोंद ठेवावी. चित्रकार जोशुआ रेनल्ड्सची व्याख्याने वाचताना ब्लेकने पुस्तकाच्या समासात रागारागाने लिहून ठेवले, की सामान्यीकरण करणे हा मूर्खपणा आहे आणि विशिष्टाला पकडणे हीच गुणवत्तेची एकमेव खूण आहे. कोणताही उतारा वाचताना, हा लेखक फुलावरच्या रेषा मोजतो आहे की फुलांच्या जातीविषयी बोलतो आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर दर वेळी स्वच्छ मिळेलच असे नाही, पण या प्रश्नाने वाचन योग्य दिशेला लागते.

एक गैरसमज मात्र येथेच दूर केलेला बरा. रोमँटिक लेखक बुद्धीचे आणि विज्ञानाचे शत्रू होते, हे विधान परीक्षेच्या उत्तरांत वारंवार आढळते आणि ते टिकत नाही. कवी कोलरिजने जर्मन तत्त्वज्ञ कांटचा कसून अभ्यास केला होता, कीट्सने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, शेलीला रसायनशास्त्राची आवड होती, आणि ‘लिरिकल बॅलड्स’च्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते तपासण्यासाठी वर्ड्सवर्थने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची मदत मागितली होती. त्यांचा आक्षेप होता तो मोजमाप करणाऱ्या बुद्धीलाच सबंध मन समजण्याला.

भावना केव्हाची आहे, ते विचारावे

‘लिरिकल बॅलड्स’ हा वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांचा संयुक्त संग्रह १७९८ मध्ये लेखकांच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला. १८०० च्या आवृत्तीला वर्ड्सवर्थने जी प्रस्तावना जोडली, तिच्यातील एक वाक्य सर्वत्र उद्धृत केले जाते: कविता म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक. दुर्दैवाने बहुतेक वेळा उद्धरण तेथेच थांबते. प्रस्तावनेत पुढे असेही म्हटले आहे, की कवितेचा उगम शांतपणे आठवलेल्या भावनेत असतो, आणि चांगली कविता लिहिणाऱ्या माणसाने संवेदनशील असण्याबरोबरच दीर्घकाळ आणि खोलवर विचार केलेला असावा लागतो. म्हणजे भावना, मग काळाचे अंतर, मग स्मरण, आणि त्या स्मरणातून पुन्हा जागी झालेली, मूळ भावनेच्या जवळची तरीही वेगळी भावना, असा हा क्रम आहे. रोमँटिक कवितेत भावना आढळली की ती कोणती एवढेच न पाहता ती केव्हा जाणवली आणि केव्हा लिहिली जाते आहे, हेही तपासावे. माझ्या मते या सबंध मार्गदर्शनातील सर्वांत फलदायी प्रश्न हाच आहे.

त्याचा उपयोग कसा करावा, ते डॅफोडिलच्या फुलांवरील सुप्रसिद्ध कवितेवरून पाहू. विल्यम वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांनी ती फुले १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी एकत्र पाहिली. डोरोथीने आपल्या रोजनिशीत त्या दिवसाचे वर्णन केले आहे: वारा अतिशय जोराचा होता, काही फुलांनी थकून उशीवर ठेवावीत तशी आपली डोकी दगडांवर टेकली होती, आणि उरलेली डोलत, झोकांड्या खात, नाचत होती. कविता लिहिली गेली १८०४ मध्ये आणि प्रसिद्ध झाली १८०७ मध्ये. कवितेच्या पहिल्याच ओळीत कवी ढगासारखा एकटा भटकत असतो. डोरोथी कवितेतून नाहीशी झाली आहे, थकलेली फुलेही गेली आहेत, आणि नाचणारी तेवढी राहिली आहेत. पुढे १८१५ च्या आवृत्तीत कवीने पहिल्या कडव्यात फुलांना लावलेले ‘नाचणारी’ हे विशेषण काढून ‘सोनेरी’ हे विशेषण घातले आणि एक संपूर्ण कडवे वाढवले. एका घटनेवर मनाने केलेले हे संस्कार आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट क्रियापदांच्या काळात दडलेली आहे. शेवटचे कडवे येईपर्यंत सारे भूतकाळात चालते. शेवटच्या कडव्यात अचानक रीती वर्तमानकाळ येतो. कवी घरात कोचावर पडलेला असतो, मन रिकामे किंवा विचारमग्न असते, आणि फुले त्याच्या अंतर्दृष्टीपुढे चमकून जातात. अंतर्दृष्टीच्या त्या दोन ओळी कवीची पत्नी मेरी हिने सुचवलेल्या होत्या आणि कवितेतील सर्वोत्तम ओळी त्याच, असे वर्ड्सवर्थनेच सांगून ठेवले आहे. तेव्हा ही कविता फुलांवरची आहे, असे उत्तरात लिहिणे अपुरे ठरते. पाहताना जे मिळाले त्याचे मोल पाहतेवेळी कळत नाही, ते स्मरणात कळते, असे तिचे आशयसूत्र आहे. आणि एकाकीपणाची महती सांगणारी ही कविता उभी राहिली ती एका बहिणीच्या नजरेवर आणि एका पत्नीच्या शब्दांवर, ही गोष्ट तिचे मोल कमी करत नसली, तरी एकट्या प्रतिभावंताच्या कल्पनेकडे पाहताना ती विसरू नये.

निसर्ग काय करतो, ते पाहावे

निसर्गाचे आशयसूत्र ओळखताना निसर्ग कवितेत कर्ता आहे की पार्श्वभूमी, हे वाक्यरचनेवरून ठरवावे. वर्ड्सवर्थच्या ‘द प्रेल्यूड’ या आत्मचरित्रपर दीर्घकाव्याच्या पहिल्या सर्गातील नौकेचा प्रसंग यासाठी आदर्श आहे. हे काव्य १८०५ मध्ये एका रूपात पूर्ण झाले होते, पण छापले गेले कवीच्या मृत्यूनंतर, १८५० मध्ये. एक लहान मुलगा रात्री दुसऱ्याची होडी सोडून सरोवरात वल्हवत निघतो. दिशा चुकू नये म्हणून तो मागच्या एका कड्यावर नजर खिळवून ठेवतो. होडी जसजशी काठापासून दूर जाते, तसतसे त्या कड्यामागे असलेले एक प्रचंड काळे शिखर वर येऊ लागते. यात अलौकिक काहीच नाही. अंतर वाढले की मागची उंच वस्तू दिसू लागणारच. परंतु मुलाला ते शिखर जिवंत होऊन आपल्या मागे पावले टाकत येत असल्यासारखे वाटते. तो थरथरत होडी परत लावतो, आणि पुढे कित्येक दिवस त्याच्या मनात ओळखीची झाडे, रंग, आकाश काही उरत नाही. माणसांसारखे न जगणारे अवाढव्य आकार तेवढे फिरत राहतात.

या प्रसंगात अपराधाची भावना मुलाच्या मनातून निघते, डोंगरावर जाऊन आदळते आणि धाक बनून परत येते. निसर्गाने मुलाला शिकवले की मुलाच्या मनाने निसर्गाला बोलते केले, याचा निर्णय कविता देत नाही, आणि वाचकानेही तो घाईने देऊ नये. ‘कवीला निसर्ग आवडतो’ या वाक्याने या अनुभवाचा एक अंशही पकडला जात नाही, कारण येथे आवड नाही, भीती आहे.

या भीतीला सौंदर्यशास्त्रात उदात्ताचा अनुभव म्हणतात. विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये सुंदर आणि उदात्त यांत फरक केला: सुंदर वस्तू लहान, गुळगुळीत, मन शांत करणारी असते, तर उदात्त वस्तू प्रचंड, अंधुक, दडपून टाकणारी असते आणि सुरक्षित अंतरावरून अनुभवलेल्या भयात एक आनंद असतो. १७९० मध्ये कांटने त्यात आणखी एक पाऊल टाकले. त्याच्या मते डोंगर किंवा वादळ स्वतः उदात्त नसते. त्यापुढे इंद्रिये हार मानतात तेव्हा बुद्धीला स्वतःच्या सामर्थ्याची जी जाणीव होते, ती उदात्त असते. शेलीने १८१६ मध्ये आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर लिहिलेली कविता या दोन मतांच्या मधोमध उभी आहे. हिमनद्यांच्या विध्वंसक ताकदीचे वर्णन करून ती शेवटी शिखरालाच विचारते, की मानवी मनाच्या कल्पनेला शांतता आणि एकांत हे केवळ रितेपण वाटले असते, तर तू, ही पृथ्वी, हे तारे आणि हा समुद्र काय असता? रोमँटिक कविता अशा प्रश्नावर संपत असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊन टाकण्याचा मोह आवरावा.

कीट्सच्या १८१९ मधील नाइटिंगेल पक्ष्यावरील ओडचा, म्हणजे त्याला उद्देशून लिहिलेल्या भावकवितेचा, शेवटही असाच प्रश्नांकित आहे. तेथे पक्ष्याच्या गाण्यात विरून जाण्याची इच्छा सफल होत नाही. एक शब्द घंटेसारखा वाजून कवीला स्वतःकडे परत आणतो, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे त्याला कळेनासे होते. जॉन क्लेअरचा निसर्ग पुन्हा वेगळा आहे. हा शेतमजुराचा मुलगा. सामाईक कुरणांना कुंपणे घातली जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि त्याच्या कवितेत पक्ष्यांची घरटी नेमकी कोणत्या काड्यांची आहेत येथपर्यंत तपशील येतो. निसर्ग या एका शब्दाखाली एवढे सगळे येत असल्याने उत्तरात तो शब्द एकटा कधीच वापरू नये; त्याला नेहमी क्रियापद जोडावे. निसर्ग धाक घालतो, सांत्वन करतो, गप्प राहतो, हिरावला जातो.

कल्पनाशक्ती: नजर बदलते तेथे बोट ठेवावे

कोलरिजने १८१७ मधील ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या ग्रंथात कल्पनाशक्तीचे जे विवेचन केले आहे, ते अवघड आहे, पण वाचकाला त्यातला एक भेद पुरतो. आधीच तयार असलेल्या गोष्टींची नुसती जुळवाजुळव करणारी एक हलकी शक्ती असते. आणि वस्तूंना विरघळवून त्यांतून नवे, एकजीव असे काही घडवणारी दुसरी, खरी कल्पनाशक्ती असते. हा भेद कवितेत कसा दिसतो, याचे उत्तर कोलरिजच्याच म्हाताऱ्या खलाशाच्या कथाकाव्यात सापडते. अल्बट्रॉस पक्ष्याला विनाकारण मारल्यावर खलाशाचे जहाज वाऱ्याविना अडकून पडते, सोबती मरतात, आणि समुद्रात वळवळणारे चिकट जीव पाहून त्याला किळस येते. थोड्या वेळाने चांदण्यात तो तेच जीव पुन्हा पाहतो. या वेळी त्यांचे निळे, तकतकीत हिरवे आणि मखमली काळे रंग त्याला दिसतात, हृदयात प्रेम उसळते आणि नकळत त्याच्याकडून त्यांना आशीर्वाद दिला जातो. त्याच क्षणी गळ्यात अडकवलेला मृत पक्षी समुद्रात गळून पडतो.

जीव तेच आहेत. बदलली आहे ती नजर. कल्पनाशक्तीचे आशयसूत्र शोधायचे असेल, तर कवितेत अशी जागा आहे का ते पाहावे, जेथे वस्तू कायम राहून पाहण्याची रीत बदलते आणि त्या बदलाचे परिणाम बाहेरच्या जगातही उमटतात. ‘नकळत’ हा शब्दही लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ही शक्ती इच्छा करून कामाला लावता येत नाही, असे रोमँटिकांना ठामपणे वाटत होते.

म्हणूनच अपूर्णता हेही या साहित्याचे एक आशयसूत्र आहे. कोलरिजने ‘कुब्ला खान’ १८१६ मध्ये प्रसिद्ध केले ते एक तुकडा म्हणून, आणि पॉरलॉकहून कामानिमित्त आलेल्या कुणा माणसाने व्यत्यय आणल्यामुळे स्वप्नात रचलेले बाकीचे काव्य हरवले, अशी हकीकत प्रस्तावनेत दिली. ती हकीकत अक्षरशः खरी मानावी की नाही, यावर वाद घालता येईल. पण कवितेचा उत्तरार्ध स्वतःच हरवलेले गाणे पुन्हा जागे करता येईल का याविषयी आहे, हे मात्र स्पष्ट दिसते. जर्मनीत श्लेगेल बंधूंनी १७९८ ते १८०० या काळात चालवलेल्या ‘अथेनेउम’ या नियतकालिकात सूत्रवजा तुकड्यांनाच साहित्यप्रकाराचा दर्जा दिला, आणि रोमँटिक काव्य सतत घडत राहते, कधीच पूर्ण होत नाही, अशी भूमिका मांडली. जर्मन कवी नोवालिसच्या अपूर्ण कादंबरीतील निळे फूल हे याच न संपणाऱ्या ओढीचे प्रतीक बनले. तेव्हा रचना मध्येच तुटलेली, प्रश्नावर थांबलेली किंवा चौकटीत चौकट घातलेली असेल, तर तिला केवळ तंत्र समजू नये. आशय तेथेच असण्याची शक्यता मोठी असते.

मूल, सामान्य माणूस आणि बंड

फ्रेंच राज्यक्रांती १७८९ मध्ये सुरू झाली तेव्हा वर्ड्सवर्थ एकोणीस वर्षांचा होता. पुढे तो फ्रान्समध्ये राहिला, आशेने भारावला, आणि क्रांतीने घेतलेल्या रक्तरंजित वळणाने खचला. ही आशा आणि ही निराशा दोन्ही लक्षात घेतल्याशिवाय रोमँटिक साहित्यातील स्वातंत्र्याचे सूत्र समजत नाही. सामान्य माणसाच्या बोलीतून कविता लिहिण्याचा वर्ड्सवर्थचा आग्रहही राजकीय होता, कारण कोणाचे दुःख काव्याला योग्य, हे ठरवण्याचा जुना अधिकार त्यातून नाकारला जात होता. खेड्यातील माणसांच्या भाषेविषयीचे त्याचे मत कोलरिजने पुढे खोडून काढले, ही बाबही नोंदवण्यासारखी आहे.

मुलांच्या बाबतीत ब्लेककडे जावे. धुराडी साफ करणाऱ्या मुलांवर त्याने दोन कविता लिहिल्या: एक १७८९ च्या निरागसतेच्या गीतांमध्ये, दुसरी १७९४ मध्ये त्यांना जोडलेल्या अनुभवाच्या गीतांमध्ये. पहिलीतला मुलगा आपल्या सोबत्याचे स्वप्न सांगतो. देवदूत येऊन शवपेट्यांत कोंडलेल्या मुलांना चकाकत्या किल्लीने सोडवतो, आणि कविता संपते ती आपापले कर्तव्य करणाऱ्याला भय नाही, या उपदेशाने. हा उपदेश मुलगा मनापासून बोलतो. कवी मात्र तो तसा बोलत नाही. दुसऱ्या कवितेतला मुलगा सारे ओळखून आहे: आईबाप चर्चमध्ये प्रार्थनेला गेले आहेत आणि देव, धर्मगुरू व राजा मिळून आमच्या दुःखातून त्यांचा स्वर्ग उभारतात. बोलणाऱ्याचा आवाज आणि कवीचा आवाज यांत अंतर आहे का, हे तपासायची सवय या जोडीने जितकी चांगली लागते, तितकी दुसऱ्या कशाने लागत असेल असे मला वाटत नाही.

बंडखोर व्यक्तीच्या सूत्रासाठी कवी बायरनचे नायक प्रसिद्ध आहेत: गर्विष्ठ, अपराधाने पोखरलेले, समाजाबाहेर फेकले गेलेले. बायरन स्वतः ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील होण्यासाठी गेला आणि १८२४ मध्ये मिसोलोंगी येथे वारला, त्यामुळे त्याचे चरित्र आणि साहित्य यांची सरमिसळ फार झाली आहे, ती टाळावी. याच सूत्राची सर्वांत कठोर परीक्षा मेरी शेलीने घेतली. जिनिव्हा सरोवराकाठी १८१६ च्या उन्हाळ्यात तिने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उपशीर्षकात प्रोमिथियसचे नाव आहे, आणि ग्रीक पुराणकथेत देवांकडून अग्नी चोरणारा हा प्रोमिथियस मेरीचा पती, कवी पर्सी शेली, व बायरन दोघांचाही लाडका बंडखोर होता. मेरीच्या कादंबरीत मात्र एकांतात राबणारा प्रतिभावंत जीव निर्माण करतो आणि त्याचे पालकत्व टाकून पळून जातो. टाकलेला तो प्राणी जर्मन लेखक गटेच्या १७७४ मधील वेर्थरची कथा वाचून रडतो, मिल्टनचे महाकाव्य वाचून स्वतःची तुलना आधी आदमशी आणि मग सैतानाशी करतो. रोमँटिक संवेदनशीलतेचे शिक्षण त्याला मिळते आणि माया मिळत नाही. एखादी कलाकृती रोमँटिक आशयसूत्रे केवळ मांडते आहे की त्यांची उलटतपासणी करते आहे, हा प्रश्न येथून पुढे प्रत्येक वेळी विचारावा.

भूतकाळ, लोकसाहित्य आणि राष्ट्र यांचे सूत्र इंग्लंडपेक्षा इतरत्र अधिक ठळक आहे. जर्मनीत हेर्डरने लोकगीते जमवली, ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये आला, वॉल्टर स्कॉटने १८१४ पासून ऐतिहासिक कादंबरीला नवे रूप दिले, आणि फाळण्या होऊन नकाशावरून पुसल्या गेलेल्या पोलंडचे महाकाव्य पोलिश कवी मिकीएविचने १८३४ मध्ये पॅरिसमधून प्रसिद्ध केले. हा भूतकाळ कोणाला आणि कशासाठी हवा आहे, एवढे पाहिले तरी पुरे. पौर्वात्य देशांच्या चित्रणालाही हीच कसोटी लावावी, कारण त्यांतले पुष्कळसे देश प्रवासवर्णनांच्या पानांवरून उचललेले आहेत.

जे गाळले आहे, तेही वाचावे

वर्ड्सवर्थच्या टिंटर्न ॲबी या भग्न मठाजवळील कवितेच्या शीर्षकात १३ जुलै १७९८ ही तारीख आहे. पाच वर्षांनी कवी त्याच जागी परत येतो, तारुण्यातील बेभान आनंद आता उरला नसल्याचे कबूल करतो, त्याच्या बदल्यात मिळालेल्या शांत, गंभीर दृष्टीची बाजू मांडतो आणि शेवटी शेजारी असलेल्या बहिणीकडे वळतो. १९८० च्या दशकात काही समीक्षकांनी असा प्रश्न उपस्थित केला, की त्या खोऱ्यातील लोखंडाचे कारखाने आणि भग्न मठाभोवती वावरणारे भिकारी या कवितेत का नाहीत. या आक्षेपाने कविता खोटी ठरते असे मला वाटत नाही. पण मनाच्या सामर्थ्याचे गुणगान करणारी कविता कशाकडे पाठ फिरवून उभी आहे, हे कळले की तिचा ताण अधिक स्पष्ट ऐकू येतो.

लेबल लावतानाही सावध राहावे. इंग्लंडमधील या कवींनी स्वतःला रोमँटिक म्हणवून घेतले नव्हते; तो गट नंतरच्यांनी बांधला. बायरन आयुष्यभर अभिजातवादी कवी अलेक्झांडर पोप याचा चाहता होता. कीट्सने १८१८ मधील एका पत्रात वर्ड्सवर्थच्या कवितेतील अहंकेंद्री उदात्ततेपासून स्वतःला वेगळे काढले आणि कवीला स्वतःचा असा स्वभावच नसतो, असे म्हटले. अभ्यासक आर्थर लव्हजॉयने १९२४ मध्ये तर रोमँटिसिझम हा शब्द अनेकवचनातच वापरावा असे सुचवले, आणि १९४९ मध्ये समीक्षक रेने वेलेकने त्याला उत्तर देताना कल्पनाशक्ती, सजीव निसर्ग आणि प्रतीक-मिथक यांत एकता दाखवली. उत्तर लिहिताना या दोघांपैकी एकाची बाजू घेऊन ती विशिष्ट ओळींवर तपासणे, हे लक्षणांची यादी देण्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे ठरते.

सरावासाठी शेलीचे ‘ओझिमँडियस’ हे जानेवारी १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेले सुनीत घ्यावे. मुद्दाम हेच, कारण यादी घेऊन गेल्यास ते जवळजवळ हाती लागत नाही: फुले नाहीत, कवीची भावना उघड नाही, आणि ‘मी’ वाळवंटात एका राजाचा मोडका पुतळा पाहिलेल्या प्रवाशाची भेट झाल्याचे सांगून लगेच बाजूला होतो. प्रथम किती आवाज आहेत ते मोजावे: मी, प्रवासी, चौथऱ्यावरचा राजाचा कोरीव लेख. मग शिल्पकाराविषयीच्या ओळी सावकाश वाचाव्यात. त्याने राजाच्या विकारांचे अचूक वाचन केले, आणि निर्जीव दगडावर उमटलेले ते विकार राजालाही आणि शिल्पकारालाही पुरून उरले. मन आणि वस्तू यांच्यातील नाते येथे कसे दिसते, ते चार-पाच वाक्यांत लिहून काढावे. त्यानंतर शेलीचा मित्र होरेस स्मिथ याने त्याच विषयावर चढाओढीने लिहिलेले आणि १ फेब्रुवारी १८१८ रोजी छापून आलेले सुनीत वाचावे. त्यात तेच वाळवंट आणि तोच पुतळा आहे, आणि पुढे भविष्यातील उद्ध्वस्त लंडनमध्ये फिरणारा एक शिकारी येऊन अर्थ जवळजवळ उघड करतो. दोन्ही रचनांचा विषय, आकार आणि काळ एकच असल्यामुळे जो फरक उरतो तो ओळीओळीने नोंदवता येतो. शिल्पकाराला स्मिथच्या सुनीतात काही काम आहे का, या प्रश्नापासून ती नोंद सुरू करावी.